दोघांचीही रजा मंजूर, शाळेला कुलूप

आपल्या परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळा आहेत. त्यातलीच एक उर्दू शाळा डोळ्यांसमोर आणा. समजा, रजेचे अर्ज ऑनलाइन झाले आहेत आणि नियम असा की एका वेळी एकालाच रजा, दुसरा शाळेत हवाच. सोमवारी रात्री नऊ वाजता सर मोबाइलवरून मंगळवारची किरकोळ रजा टाकतात. संगणक तपासतो, उद्या मॅडम हजर आहेत का? आहेत. रजा मंजूर. नेमक्या त्याच क्षणी पाथरीला माहेरी आलेल्या मॅडमही मंगळवारचीच रजा टाकतात. संगणक तपासतो, उद्या सर हजर आहेत का? आहेत, कारण सरांची नोंद अजून पक्की झालेली नाही. मॅडमचीही रजा मंजूर. मंगळवारी सकाळी मुले दप्तर घेऊन येतात तर दाराला कुलूप.

आता चूक कोणाची म्हणाल? सरांनी नियम मोडला नाही, मॅडमनीही नाही. संगणकाने तर दोन्ही वेळा नियम तपासूनच मंजुरी दिली. एकेकटे पाहिले तर दोन्ही व्यवहार बिनचूक आहेत. एकामागून एक झाले असते तर दुसरा अर्ज आपोआप नामंजूर झाला असता. घोळ झाला तो दोन्ही एकमेकांच्या आड एकाच वेळी घडल्यामुळे.

कोणी म्हणेल, रेल्वेच्या तिकिटाचेही असेच नसते का? सकाळी अकराला तत्काळचे आरक्षण उघडते, परभणी–मुंबई गाडीतल्या शेवटच्या बर्थवर दोघे एकदम बोट ठेवतात. नाही, ते प्रकरण सोपे आहे. तिथे दोघांना एकाच ओळीत आपले नाव लिहायचे असते. एकाच ओळीवर दोन लेखण्या आल्या की डेटाबेस लगेच ओळखतो आणि एकाला थांबवतो. आपल्या सर-मॅडमच्या बाबतीत मात्र सरांनी आपल्या ओळीत लिहिले, मॅडमनी आपल्या ओळीत. टक्कर लिहिण्यात झालीच नाही. एकाने जे वाचून निर्णय घेतला, तेच दुसऱ्याने त्याच वेळी बदलले, टक्कर तिथे झाली. संगणकशास्त्रात या दोषाला ‘राइट स्क्यू’ म्हणतात आणि १९९५ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात त्याला हे नाव मिळाले. त्या निबंधाच्या लेखकांत जिम ग्रे होते, ज्यांना पुढे १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मी भाषेचा मास्तर आहे, संगणकाचा नाही. पण गेल्या काही वर्षांत शिक्षकाचा निम्मा दिवस कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर जातो. शिष्यवृत्ती, आधार जोडणी, विद्यार्थ्यांची माहिती, बदल्या. त्यामुळे पडद्याच्या मागे काय चालते हे कळून घ्यावेसे वाटले. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात डेटाबेसवर काम करतो, तो माझे प्रश्न सहन करतो. त्याच्याशी बोलून आणि थोडे वाचून माझे जे मत बनले ते इथे मांडतो आहे. मत असे: टकरीची तपासणी वेगासाठी बंद करू नये. ती नेमकी करावी. आणि तपासणीत चुकून कोणी अडकलाच, तर त्याचा भुर्दंड यंत्राने भरावा, रांगेतल्या माणसाने नव्हे.

जुन्या कार्यालयातला उपाय सर्वांना ठाऊक आहे. एकच रजिस्टर, एकच किल्ली, ती हेडक्लार्कच्या खिशात. एकाचे काम होईपर्यंत दुसरा बाकावर बसून. डेटाबेसमध्येही अनेक वर्षे हाच कारभार होता. १९७६ साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतून एक निबंध निघाला. त्याचे पहिले लेखक के. पी. ईश्वरन, सोबत जिम ग्रे आणि आणखी दोघे. त्यांनी दाखवले की आज असलेल्या ओळींना कुलूप लावून भागत नाही, उद्या येऊ शकणाऱ्या ओळींचाही विचार करावा लागतो. ‘मंगळवारी रजेवर असलेले सगळे शिक्षक’ अशी यादी मी वाचली, तर त्या यादीत नवे नाव घुसणे हीसुद्धा माझ्याशी टक्करच. विचार अगदी बरोबर होता, पण तो जसाच्या तसा राबवणे महागात पडते.

मग दुसरी पद्धत रुळली. किल्ली नको, प्रत्येकाला रजिस्टरची त्या क्षणाची झेरॉक्स द्या. वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याची वाट पाहायची नाही, लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याची नाही. तिला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. रांग संपली, सगळे खूश. सर-मॅडमचा घोटाळा मात्र नेमका याच झेरॉक्समधून जन्माला येतो, कारण दोघांच्याही झेरॉक्सवर समोरचा हजर होता.

हे सगळे कागदावरचे, प्रत्यक्षात कुठे होते, असे वाटत असेल तर आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण आहे. पवईच्या आयआयटी मुंबईतले सुधीर जोरवेकर, कृती रामामृतम आणि एस. सुदर्शन यांनी सिडनीच्या अॅलन फेकेटे यांच्यासोबत २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. यातले सुदर्शन म्हणजे अभियांत्रिकीची मुले जे डेटाबेसचे जाडजूड पुस्तक वाचतात त्याचे एक लेखक. या मंडळींनी एक साधन तयार केले. प्रणालीतले कार्यक्रम कोणती माहिती वाचतात आणि कोणती लिहितात हे तपासून झेरॉक्स पद्धतीत कुठे घोटाळा होऊ शकतो हे ते शोधते. ते त्यांनी स्वतःच्याच संस्थेत रोज वापरात असलेल्या दोन प्रणालींवर चालवून पाहिले. अनेक दोष सापडले, आणि त्यातल्या काहींनी प्रत्यक्षात अडचणीही निर्माण केल्या होत्या. देशातल्या सर्वांत हुशार मुलांच्या संस्थेत हे घडत असेल तर बाकीच्यांचे काय, हा प्रश्न मला पडला. त्यांनी घरचा दोष झाकला नाही, जगासमोर मांडला. ही सवय आपल्या सरकारी खात्यांना कधी लागेल ती लागो.

त्याच निबंधाचा दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. साधन दोष शोधायचे, पण जिथे दोष नाही तिथेही बोट दाखवायचे. ही खोटी बोटे कमी कशी करायची यावर त्यांनी बरीच मेहनत घेतली. याला इंग्रजीत जे म्हणतात ते बाजूला ठेवा, आपल्या उर्दूत त्याला नेमका शब्द आहे: बदगुमानी. ज्यांच्या घरात उर्दू नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुराव्याशिवाय दुसऱ्याविषयी वाईट समज करून घेणे म्हणजे बदगुमानी. मराठीत ‘संशय’ आहे, पण संशय खराही ठरू शकतो. बदगुमानी म्हटले की संशय घेणाऱ्याचाच दोष त्यात येतो.

यंत्र बदगुमानी का करते? पुढची पायरी समजली की ते कळते. २००८ साली मायकेल केहिल, उवे रोम आणि तेच फेकेटे यांनी झेरॉक्स पद्धत न मोडता घोटाळा चालू कामातच पकडण्याची रीत सांगितली. सगळ्यांना झेरॉक्सवर काम करू द्या, कोणालाही थांबवू नका. फक्त कोणी काय वाचले याची बारीक टिपणे ठेवा. सरांनी वाचलेली गोष्ट मॅडमनी बदलली की सरांकडून मॅडमकडे एक बाण काढा. ज्या व्यवहारात एक बाण शिरतो आणि ज्यातून एक बाण निघतो, तो धोक्याचा. सर-मॅडमच्या प्रकरणात दोघांमध्येही एक बाण शिरतो, एक निघतो. यंत्र दोघांपैकी एकाचा व्यवहार रद्द करते. त्याने पुन्हा अर्ज केला की आता खरी स्थिती दिसते, रजा नामंजूर होते, शाळा उघडी राहते.

ही रीत २०११ च्या सप्टेंबरमध्ये पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसच्या ९.१ आवृत्तीत आली. आणणाऱ्यांत केविन ग्रिटनर होते, ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या न्यायालयांच्या संगणक विभागात कामाला, आणि एमआयटीचे डॅन पोर्ट्स. न्यायालयाच्या नोंदींत असले घोटाळे परवडत नाहीत, या खऱ्या गरजेतून ते काम झाले. त्याआधी पोस्टग्रेसमध्ये सर्वांत कडक शिस्त मागितली तरी मिळायची झेरॉक्सच. पाटीवर एक, पुडीत दुसरे. ओरॅकलमध्येही त्याच कडक नावाखाली झेरॉक्सच मिळत असे.

आता बदगुमानीकडे येऊ. अ कडून ब कडे बाण आहे, ब कडून क कडे बाण आहे. पण क कडून परत अ कडे काही येत नाही. म्हणजे वर्तुळ पूर्ण नाही, घोटाळा नाही. तरीही मधला ब धोक्याचा ठरू शकतो आणि त्याचा व्यवहार रद्द होऊ शकतो. पूर्ण वर्तुळ शोधत बसलो तर प्रत्येक व्यवहाराचा प्रत्येकाशी संबंध तपासावा लागेल, तेवढा वेळ आणि तेवढी जागा यंत्राकडे नसते. म्हणून अर्ध्या पुराव्यावर निकाल लागतो.

दुसरे कारण मला जास्त टोचले. टिपणे ठेवायला जागा लागते आणि ती मोजकी असते. ओळीगणिक टिपण ठेवता ठेवता ती भरत आली की यंत्र काय करते? ओळींची टिपणे खोडते आणि लिहिते, याने हे अख्खे पान वाचले. पानांची संख्या वाढली की ती टिपणेही खोडते आणि लिहिते, याने अख्खे रजिस्टर वाचले. पोस्टग्रेसच्या मूळ मांडणीत तर एका पानावरच्या दोनांपेक्षा जास्त ओळींचे टिपण झाले की पूर्ण पान धरले जाते. मग त्या पानावर कोणीही, कितीही असंबद्ध ओळ बदलली तरी ती टक्कर समजली जाते. सोनपेठच्या शाळेतली रजा आणि जिंतूरच्या शाळेतली रजा यांचा संबंध शून्य, पण दोघांच्या ओळी एकाच पानावर पडल्या म्हणून दोघांमध्ये बाण. संशय एका ओळीवरून पानावर, पानावरून सगळ्या रजिस्टरवर. एका माणसावरच्या शंकेपायी अख्खा मोहल्ला संशयित ठरतो तेव्हा काय होते, ते या पानाच्या वाचकांना मी समजावण्याची गरज नाही. फरक इतकाच की यंत्र द्वेषापोटी तसे करत नाही, जागा नसल्यामुळे करते. आणि जागा देता येते.

टकरींचा माग काढण्याचे काम वेगवान करायचे म्हणजे काय, याचे उत्तर इथेच आहे. आपल्याकडे वेगवान म्हटले की आधी तपासणी काढून टाकायचा मोह होतो. पोस्टग्रेसच्या लोकांनी उलटे केले, बदगुमानी कमी केली. अ, ब, क च्या साखळीत सर्वांत आधी क ची नोंद पक्की झाली असेल तरच घोटाळा शक्य असतो, हे गणिताने सिद्ध होते. मग आधी तो क्रम पाहा. क अजून पक्का नसेल तर ब ला हात लावू नका. अ फक्त वाचणारा असेल, काहीच लिहीत नसेल, तर अट आणखी सैल होते: अ ने झेरॉक्स घेण्यापूर्वी क पक्का झाला असेल तरच धोका, एरवी नाही. एवढ्या दोन प्रश्नांनी कितीतरी निर्दोष व्यवहार वाचतात.

केवळ वाचणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. महिन्याचा अहवाल काढणारा कारकून हजारो ओळी वाचतो आणि एकही बदलत नाही. त्याची टिपणे ठेवण्यातच यंत्राची जागा संपते आणि त्रास होतो बाकीच्यांना. त्याने आधीच सांगितले की मी फक्त वाचणार आहे आणि थोडे थांबायलाही तयार आहे, तर यंत्र त्याला निर्धोक क्षणाची झेरॉक्स देते. त्यानंतर त्याच्यासाठी टिपणे ठेवावीच लागत नाहीत. न त्याच्यामुळे कोणाचा व्यवहार रद्द होतो, न दुसऱ्यामुळे त्याचा. किंमत म्हणजे सुरुवातीची थोडी प्रतीक्षा.

राहिला निष्काळजीपणाचा भाग. एका मुलाचे नाव शोधायला कोणी जनरल रजिस्टर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळले, तर यंत्राच्या लेखी त्याने पूर्ण रजिस्टर वाचले आणि त्याचे टिपण पूर्ण रजिस्टरवर पडते. तेच नाव अनुक्रमणिकेतून शोधले तर टिपण नेमक्या ठिकाणी पडते. साधी अनुक्रमणिका नसल्यामुळे किती निरपराधांचे व्यवहार रद्द होत असतील! २०१८ च्या अकराव्या आवृत्तीत आणखी काही प्रकारच्या अनुक्रमणिकांसाठीही नेमकी टिपणे ठेवण्याची सोय झाली. त्याआधी त्या प्रकारांत अख्खी अनुक्रमणिका धरली जात असे. व्यवहार उघडून चहाला जाणारे लोक हा आणखी एक प्रकार. व्यवहार जितका लांबतो तितकी टिपणे साठतात. ही सवय यंत्राची नाही, कार्यक्रम लिहिणाऱ्याची.

तरीही काही निर्दोष व्यवहार रद्द होणारच. शंभर टक्के नेमकेपणा परवडत नाही, हे मला मान्य आहे. मग प्रश्न उरतो, रद्द झाल्यावर पुढे काय? पोस्टग्रेस अशा वेळी ४०००१ हा सांकेतिक क्रमांक परत पाठवतो. त्याचा अर्थ असा: तुझे काही चुकलेले नाही, पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न कर. पुन्हा प्रयत्न करण्याचे काम डेटाबेस स्वतः करत नाही, ते पोर्टल लिहिणाऱ्याने करून ठेवायचे असते. क्षणभर थांबून तोच व्यवहार, तीच माहिती, पुन्हा पाठवायची. माणसाला कळतही नाही.

माझ्या पाहण्यात आलेल्या एका पोर्टलवर काय होते? पडद्यावर ‘एरर’ उमटते आणि भरलेला फॉर्म कोरा होतो. ते ४०००१ होते की आणखी काही, हे समोरच्या माणसाला कळायला मार्ग नाही, आणि त्याला कळावे अशी कोणाची अपेक्षाही दिसत नाही. पालम तालुक्यातून रोजंदारी बुडवून मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी आलेल्या बापाला केंद्रचालक सांगतो, “मामू, सर्वर डाउन है, कल आओ.” बाप म्हणतो, “कल भी येच बोले थे.” तो पोर्टलला दोष देत नाही. त्याला वाटते आपल्याच कागदात खोट असेल, नावाच्या स्पेलिंगमध्ये असेल, आधारमध्ये असेल. आपल्या लोकांची नावे तीन लिपींत पाच प्रकारे लिहिली जातात, त्यामुळे ही भीती त्याच्या डोक्यात पक्की बसलेली आहे. यंत्राने ‘तुझे काही चुकलेले नाही’ असा निरोप पाठवलेला असतो. तो त्याच्यापर्यंत पोहोचतो तोवर त्याचा अर्थ उलटा झालेला असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो चुकीचा नाही. कडक तपासणी लावली की ओझे वाढते, लाखो लोक एकाच दिवशी तुटून पडतात तेव्हा कोणी कशाला हा ताप घ्यावा? पोस्टग्रेसमध्येसुद्धा ही कडक शिस्त मागितली तरच मिळते, न मागता मिळते ती ढिली. बहुतेक लोक ढिलीवरच काम चालवतात आणि दोष दिसला तर वरून ठिगळ लावतात. पण ग्रिटनर आणि पोर्ट्स यांनी २०१२ साली आपली मोजमापे मांडली, त्यात वाचन जास्त असलेल्या कामांमध्ये ही शिस्त साध्या झेरॉक्स पद्धतीच्या जवळपास वेगाने चालते आणि जुन्या कुलूप पद्धतीपेक्षा बरीच पुढे राहते असे दिसले. सरकारी पोर्टलवर माणसे लिहितात त्यापेक्षा वाचतातच जास्त. पैशाचे कारणही टिकत नाही. पोस्टग्रेस फुकट आहे, आणि मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्येच जाहीर केलेले आहे.

ठिगळाबद्दलही बोलायला हवे. ठिगळ लावणारा त्याला माहीत असलेलीच फट बुजवतो. आयआयटीच्या अनुभवातून मी तरी हेच घेतले की माहीत नसलेल्या फटी चालू प्रणालीतही निघतात. शिवाय ठिगळ म्हणजे बहुतेकदा जुने कुलूपच असते, म्हणजे पुन्हा रांग.

म्हणून पोर्टलची निविदा काढताना अटींमध्ये दोन वाक्ये लिहून घ्यावीत असे मला वाटते. पहिले, जिथे एका माणसाच्या हक्काचा निर्णय दुसऱ्याच्या नोंदीवर अवलंबून आहे, तिथे कडक शिस्त वापरावी. जागांचे वाटप, बदल्या, रजा, शिष्यवृत्तीचा कोटा ही असली कामे. नुसते हवामान दाखवायचे असेल तर गरज नाही. दुसरे, टकरीमुळे रद्द झालेला व्यवहार प्रणालीने स्वतः पुन्हा पाठवावा, आणि किती वेळा पाठवावा लागला याची मोजणी ठेवून ती दर महिन्याला दाखवावी. मोजणी वाढत गेली तर टिपणांची जागा वाढवायची, अनुक्रमणिका नीट करायची, अहवाल काढणाऱ्यांना रात्री बसवायचे. ही सगळी कामे कार्यालयात बसून होण्यासारखी आहेत, त्यासाठी पालमच्या बापाला परभणीला दुसरी खेप घालावी लागत नाही.